सुपरमार्केटचा शिल्लक माल गरजूंपर्यंत कसा पोहोचवायचा

सुपरमार्केटमधून फेकलं जाणारं अन्न बहुतेक वेळा नासलेलं नसतं. बारा अंड्यांच्या खोक्यातलं एक फुटतं आणि अख्खं खोकं शेल्फवरून उतरतं. जाळीच्या पिशवीतल्या एका संत्र्याला बुरशी धरते, बाकीची धडधाकट संत्री त्याच्यासोबत जातात. सण उलटला की सणाच्या वेष्टनातल्या बिस्किटांकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पण या सगळ्यांपेक्षा मोठं कारण वेगळंच असतं: दुकान बंद होईपर्यंत शेल्फ भरलेलं दिसलं पाहिजे, हा आग्रह. शेवटच्या गिऱ्हाईकालाही ब्रेडचे सगळे प्रकार मिळायला हवे असतील, तर त्यातला बराच ब्रेड उरणार हे सकाळी ऑर्डर देतानाच ठरलेलं असतं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यात घरांचा वाटा ६० टक्के, हॉटेलं-खानावळींचा २८ टक्के आणि दुकानांचा १२ टक्के, म्हणजे सुमारे १३ कोटी टन. घरांच्या मानाने दुकानांचा वाटा लहान दिसतो खरा. पण घराघरांतलं उरलंसुरलं गोळा करायला कोणी जाऊ शकत नाही. दुकानातला माल मात्र एका जागी असतो, पॅकबंद असतो, त्यावर तारीख आणि घटक छापलेले असतात आणि तो आधीपासून थंड ठेवलेला असतो. वाचवायला याहून सोयीचं अन्न नाही.

तरीही असे उपक्रम सुरू होतात आणि काही महिन्यांत बंद पडतात. माल कमी पडला म्हणून ते क्वचितच बंद पडतात. वेळ पाळली गेली नाही, थंडी टिकली नाही, नको तो माल गळ्यात पडला, ही खरी कारणं. दुकानाला आणि संस्थेला दोघांनाही वाटत असतं की आपण समोरच्यावर उपकार करतोय, आणि उपकार म्हटला की हिशोब कोणी विचारत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की हे काम दोन व्यवसायांमधल्या पुरवठ्याच्या व्यवहारासारखं करा. पैसे हात बदलत नाहीत, एवढाच फरक.

पुढचं सगळं प्रामुख्याने माल घेणाऱ्यांसाठी आहे: निवारागृह, सामुदायिक स्वयंपाकघर, वृद्धाश्रम, किराणा वाटणारा एखादा गट. दुकानाच्या मॅनेजरने वाचलं तर त्याचंही अर्धं काम हलकं होईल.

दान दुसऱ्या पायरीवर

अन्नाची नासाडी रोखण्याची एक उतरंड बहुतेक देशांच्या धोरणांत सापडते. आधी शिल्लक निर्माणच होऊ द्यायची नाही. झाली तर ती माणसांच्या पोटात जावी, ते जमलं नाही तर जनावरांच्या. त्यानंतर खत किंवा बायोगॅस, आणि अगदी शेवटी कचरा डेपो, जिथे कुजताना त्यातून मिथेन निघतो.

दान या उतरंडीत दुसरं आहे, हे संस्थेनेही लक्षात ठेवावं. रोज ढीगभर जादा मागवायचं आणि रोज दान करून फोटो काढायचे, हा नासाडीवरचा उपाय नव्हे. कधीकधी दोष एकट्या दुकानाचाही नसतो. जपानमध्ये पूर्वापार ‘एक तृतीयांश’ची व्यापारी प्रथा आहे. उत्पादनापासून मुदत संपेपर्यंतच्या काळाचे तीन भाग पाडायचे आणि पहिला भाग संपायच्या आत माल दुकानात पोहोचायलाच हवा. उशीर झाला तर चांगल्या मालालाही दुकानाचं दार बंद. ही प्रथा सैल करायचे प्रयत्न तिथे बरीच वर्षं चालू आहेत, आणि अन्ननासाडी कमी करण्यासाठी २०१९ साली स्वतंत्र कायदाही आला.

यातून संस्थेने एक गोष्ट उचलायची. दुकान आधी किंमत उतरवेल, सवलतीचं स्टिकर लावेल, आणि त्यातूनही जे उरेल ते तुम्हाला देईल. याचा राग मानू नका, ते बरोबरच आहे. फक्त तुमच्या हाती येणाऱ्या मालाला थोडेच तास उरलेले असणार, हे गृहीत धरून पुढची सगळी आखणी करा.

आधी आपली ताकद मोजा

दुकानाला फोन करण्याआधी चार गोष्टी कागदावर उतरवा. तुमच्याकडे रोज किती माणसं जेवतात किंवा किती कुटुंबं किराणा नेतात? फ्रिजमध्ये आज, या क्षणी, किती क्रेट मावतील? माल आणायला कोणतं वाहन आहे? आणि सुट्टीच्या दिवशी, परीक्षांच्या काळात, धो धो पावसात माल आणायला कोण जाणार?

शेवटच्या प्रश्नावर गाडी अडते. सुरुवातीला उत्साह दांडगा असतो, पाचपन्नास जण हात वर करतात. दुकानाची शिल्लक मात्र सुट्टीच्या आदल्या रात्री आणि सुट्टीच्या दिवशीच सर्वांत जास्त असते, नेमकी आपली माणसं गावाला गेलेली असताना. म्हणून आठवड्याचे सातही दिवस घेऊ नका. दोन दिवस ठरवा आणि ते दोन दिवस कधीही चुकवू नका. दुकानाच्या कर्मचाऱ्याने माल बाजूला काढून ठेवला आणि न्यायला कोणी फिरकलंच नाही, असं दोनदा घडलं की तिसऱ्यांदा तो माल सरळ कचऱ्यात जातो. त्याचंही काही चुकत नाही. कोल्ड रूममधली जागा त्याला सकाळच्या मालासाठी हवी असते.

वजनाचा अंदाज नसला की फजिती होते. केळ्यांचं एक खोकं साधारण १८ किलोचं असतं. अशी चार खोकी आणि दुधाचे तीन क्रेट दुचाकीवर येत नाहीत. आणि आलेच, तरी अठरा किलो पिकलेली केळी दोन दिवसांत संपवायला किती तोंडं लागतील, तेही मोजून ठेवा.

थेट दुकानाशी जोडायचं की फूड बँकेमार्फत घ्यायचं, हाही निर्णय इथेच होतो. फूड बँक ही कल्पना १९६७ सालची, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहरातली. जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या स्वयंसेवकाने तिथे सेंट मेरीज फूड बँक सुरू केली. दुकानामागच्या कचऱ्यातून खाण्याजोगं अन्न वेचून मुलांना वाढवणाऱ्या एका बाईच्या बोलण्यातून ती सुचल्याचं ते सांगत. फूड बँक ट्रकभर माल घेते, निवडते, साठवते आणि छोट्या संस्थांना त्यांच्या मापाने देते. डबाबंद, कोरडा, लांब मुदतीचा माल तिच्याकडून घ्यावा. ब्रेड, भाजी, दूध असा घाईचा माल मात्र जवळच्या दुकानातून थेट उचलणं बरं, कारण मधला एक टप्पा म्हणजे एक दिवस गेला. आयर्लंडमध्ये २०१३ पासून काम करणाऱ्या फूडक्लाउडने दोन्हींचा मेळ घातला: आज काय उरलं हे दुकान ॲपवर टाकतं, जवळच्या संस्थेला फोनवर संदेश जातो, संस्था हो म्हणते आणि येऊन घेऊन जाते. तुमच्या भागात असं ॲप नसलं तरी दुकान आणि संस्था यांचा एक साधा मेसेज ग्रुप तेच काम करतो.

दुकानाच्या दारात

संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवर जाऊन ‘उरलेलं अन्न देता का’ विचारलं तर उत्तर ‘नाही’च येणार. दुपारी, गर्दी नसताना जा. मॅनेजरला भेटा आणि पहिल्याच भेटीत विचारा, की हा निर्णय तुमच्या हातात आहे की मुख्य कार्यालयाच्या? साखळी दुकानांत बहुधा मुख्य कार्यालयाची परवानगी लागते. एकदा मिळाली की ती अनेक शाखांना लागू होते. स्वतंत्र दुकानात मालक उद्यापासून ‘या’ म्हणू शकतो.

सोबत एक पान न्या. त्यावर संस्थेची नोंदणी, किती माणसांना जेवू घालता, कोणत्या वारी किती वाजता याल, कोणतं वाहन, फ्रिजची क्षमता आणि एकच संपर्क क्रमांक. भावनिक आवाहनाची गरज नाही. मॅनेजरला गरिबी ठाऊक असते. त्याला काळजी असते ती शिफ्ट वेळेत संपण्याची.

त्याच्या मनात साधारण तीन धास्ती असतात. कोणी आजारी पडलं तर? दिलेला माल बाजारात विकला गेला तर? आणि माझ्या माणसांचं काम वाढलं तर?

पहिल्या धास्तीवर अनेक देशांनी कायद्यानेच उत्तर दिलं आहे. अमेरिकेचा १९९६ चा बिल इमर्सन कायदा सद्भावनेने अन्नदान करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी दायित्वातून संरक्षण देतो. घोर निष्काळजीपणा किंवा जाणूनबुजून केलेली आगळीक असेल तरच ते संरक्षण जातं. २०२३ मध्ये त्याची व्याप्ती आणखी वाढवली. इटलीने २०१६ च्या कायद्याने दान करणाऱ्यांची कागदपत्रं सोपी केली आणि दान करणाऱ्या व्यवसायांचा कचरा-कर कमी करायची मुभा नगरपालिकांना दिली. भारतात २०१९ पासून शिल्लक अन्न गोळा करणं आणि वाटणं यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे वेगळे विनियम आहेत. आपल्या भागात जो नियम असेल तो छापून न्या. दायित्वाची भीती सगळीकडे आहे, पण नियम वाचलेले मॅनेजर थोडे.

फ्रान्स एक पाऊल पुढे गेला. फेब्रुवारी २०१६ च्या कायद्याने तिथे ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना खाण्यायोग्य अन्न मुद्दाम खराब करायला बंदी आली, म्हणजे कचरापेटीत ब्लीच ओतणं वगैरे, आणि संस्थेशी दानाचा करार करणं बंधनकारक झालं. मला मात्र त्या कायद्याहून त्याच वर्षअखेरीस आलेला अंमलबजावणीचा आदेश जास्त महत्त्वाचा वाटतो. माल निवडून देण्याची जबाबदारी त्याने दुकानावर टाकली. शिवाय सुरक्षिततेची मुदत असलेल्या मालाला देताना निदान ४८ तास शिल्लक असावेत, अशी अट घातली. संस्था त्याआधी वाटू शकत असेल तर गोष्ट वेगळी. सक्तीचं दान आलं की सडकं-चांगलं एकाच क्रेटमध्ये कोंबून संस्थेच्या दारात ओतण्याचा मोह होतो. मग ते निवडायचे तास आणि कचरा टाकायचा खर्च, दोन्ही संस्थेच्या माथी. तुमच्या देशात असा आदेश नसला तर तीच अट तुमच्या करारात लिहून घ्या.

दुसरी धास्ती, विक्रीची. यावर लेखी हमी द्या, आणि मॅनेजरला एकदा तुमच्याकडे जेवणाच्या वेळी बोलवा. तिसरी धास्ती दूर करायला कामाची वाटणी आधीच सांगा: तुमचा माणूस फक्त बाजूला काढेल, मोजणं, उचलणं, नोंद करणं आमच्याकडे. रिकामे क्रेट पुढच्या फेरीला धुऊन परत. क्रेट परत न येणं हे क्षुल्लक वाटतं, पण दुकानाचा जीव त्यातच जातो.

करार: दोन पानं पुरतात

वकिली भाषेची गरज नाही. वार आणि वेळ, आणि उशीर झाला तर किती मिनिटं थांबायचं. कोणता माल चालेल, कोणता नाही. निवडणार कोण. माल हातात आल्यापासून जबाबदारी कोणाची. कंपनीने परत मागवलेल्या मालाची खबर कोण कोणाला देणार. दुकानाचं नाव फोटोत वापरायचं की नाही.

आणि एक कलम ठळक अक्षरात: संस्थेला कोणताही माल, कारण न देता, नाकारण्याचा हक्क आहे. हे कलम नसलं की मिंधेपणा येतो. ‘आज एवढं दिलं, हे दोन क्रेटही न्या की’ असं मॅनेजर म्हणतो आणि आपण मान डोलावतो. त्या दोन क्रेटांत उद्याचा कचरा असतो. संस्था म्हणजे दुकानाची फुकटची कचरागाडी नव्हे, हे पहिल्या महिन्यातच नम्रपणे पण ठामपणे दिसलं पाहिजे.

तारखांचा घोळ

बरंच चांगलं अन्न फेकलं जातं ते तारखेचा अर्थ न कळल्याने. पॅकवर दोन वेगळ्या जातीच्या तारखा असतात.

‘यूज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ ही सुरक्षिततेची तारीख. ताजं मांस, मासे, थंड ठेवायचे तयार पदार्थ यांवर ती असते. ती उलटली की माल घ्यायचा नाही, वास कितीही चांगला येवो. आजार देणारे कित्येक जिवाणू वासाने वा चवीने कळत नाहीत. लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो, आणि गरोदर बायका व म्हातारी माणसं यांना त्याचा धोका सर्वांत जास्त. संस्थांकडे येणाऱ्यांत अशीच माणसं जास्त असतात. म्हणून इथे सवलत नाही.

‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची तारीख. तिच्यानंतर बिस्किटाचा कुरकुरीतपणा उतरेल, कॉफीचा वास फिका पडेल. नीट ठेवलेला, सीलबंद माल त्यामुळे विषारी होत नाही. ब्रिटन आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत असा माल नंतरही देता-घेता येतो. सगळीकडे तसं नाही. काही ठिकाणी मुदत उलटलेला कोणताही माल वाटायला मनाई असते, तेव्हा स्थानिक नियम आधी वाचा. मुदत जवळ आलेला पण न उलटलेला माल घेणं सगळ्यात निर्धोक.

लहान बाळांची दुधाची पावडर हा अपवाद. तिच्यातली पोषणमूल्यं तारखेनंतर छापल्याप्रमाणे राहतील याची खात्री नसते. बाळाचं सगळं पोषण त्यावरच चालत असल्याने तारीख उलटलेला डबा कोणालाही देऊ नये.

फ्रीझरने वेळ विकत घेता येतो. ‘यूज बाय’ तारीख उलटण्याआधी गोठवलेला माल पुढे वापरता येतो, पण गोठवल्याची तारीख मार्करने पॅकवर लिहा, आणि दुकानाने गोठवला की तुम्ही, हेही. ब्रेड गोठवायला सोपा आणि शिल्लक मालात तो बराच असतो, त्यामुळे संस्थेचा पहिला खर्च दुसरा फ्रिज नसून फ्रीझर असावा असं माझं मत आहे.

मालाच्या दारातली पंधरा मिनिटं

सगळा उपक्रम खरा घडतो तो दुकानामागच्या, माल उतरवतात त्या दारात. इथे घाई केली की पुढे निस्तरत बसावं लागतं.

सोबत हवं ते असं: बारीक टोकाचा डिजिटल थर्मामीटर, तो पुसायला सॅनिटायझर आणि कागद, बर्फाचे पॅक घातलेले थर्मल बॉक्स, हातमोजे, मार्कर, वजनकाटा, रजिस्टर.

पहिलं काम थंड मालाचं. दह्याचे दोन डबे एकमेकांना चिकटवून मधोमध थर्मामीटर धरायचा. पॅक फोडायचा नाही. अर्धं मिनिट थांबायचं. आकडा ५ अंश किंवा खाली असेल तर घ्या. ८-९ दिसत असेल तर विचारा की क्रेट बाहेर कधी काढला. ‘आत्ताच’ हे उत्तर सगळेच देतात. क्रेटच्या मधल्या थरातला डबा घेऊन पुन्हा मोजा. मधलाही गरम असेल तर तो क्रेट बराच वेळ बाहेर आहे, आणि तो तिथेच राहू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रांत ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा आहे, कारण जिवाणू याच पट्ट्यात झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हेही त्याच सूत्रांत सांगितलं आहे. दुकानातल्या तयार खाद्यपदार्थांच्या काउंटरवरचे शिजवलेले पदार्थ घेण्याआधी म्हणूनच दोनदा विचार करा. सुरुवातीचे काही महिने ते घेऊच नका, असं मी सांगेन.

गोठवलेला माल दगडासारखा टणक हवा. पाकिटात आत बर्फाचा थर साचला असेल, किंवा वाटाणे सुटे न राहता एक ढेकूळ झाले असतील, तर तो एकदा वितळून पुन्हा गोठला आहे.

डबाबंद मालात फुगलेलं झाकण दिसलं की विषय संपला. शिवणीवर किंवा कडेवर पडलेला पोचा, गंज, चिकट ओघळ यांनाही नकार. मधल्या गुळगुळीत भागावरचा उथळ पोचा चालतो. फुगण्यामागे बॉट्युलिझमचे जिवाणू असू शकतात, आणि त्यांचं विष अगदी थोडं असलं तरी जीवघेणं ठरतं. उघडून बघू, चाखून बघू, असलं काही नाही.

भाजी-फळांत उलट थोडं उदार व्हा. वाकडं गाजर, डाग पडलेलं सफरचंद, मलूल पालेभाजी, पिकून काळी पडलेली केळी, सगळं घ्या. फक्त ओलसर, बुळबुळीत झालेलं, बुरशी आलेलं जागच्या जागी काढून टाका. एका कुजक्या टोमॅटोचं पाणी रात्रभरात अख्खा क्रेट घालवतं.

लेबल नसलेला माल नको. सुटा केक, कागदात गुंडाळलेलं सँडविच कितीही ताजं दिसलं तरी आत शेंगदाणा, तीळ, अंडं, दूध काय आहे हे कळायला मार्ग नसतो. युरोपीय नियमांत असे १४ ॲलर्जीकारक घटक ठळक छापावे लागतात. अमेरिकेत ९ आहेत, तीळ २०२३ पासून त्यात आला. दुकान सुटा बेकरीचा माल देत असेल तर प्रत्येक क्रेटसोबत घटकांची छापील यादी मागा.

गाडी भरताना कोरडा माल आधी, थंड आणि गोठवलेला शेवटी. उतरवताना नेमकं उलट. कच्चं मांस कायम सगळ्यांत खाली, वेगळ्या बंद खोक्यात, म्हणजे गळलं तरी कशावर पडणार नाही. निघण्याआधी प्रत्येक क्रेटचा फोटो घ्या, बॅच नंबर आणि तारीख वाचता येईल असा. उद्या कंपनीने एखादी बॅच परत मागवली तर हाच फोटो कामाला येईल. परत मागवलेला माल दुकानाच्या शेल्फवरून त्याच दिवशी उतरतो, पण आधीच दान केलेला माल कोणाच्या लक्षात राहत नाही. अन्नसुरक्षा खात्याच्या सूचना संस्थेच्या एका तरी माणसाच्या फोनवर यायला हव्यात.

आपल्या दारात आल्यावर

थंड माल आधी आत, गप्पा नंतर. मग निवड. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे, बाकीचं मागे. आज आलेला माल कालच्याच्या पुढे ठेवला की कालचा हमखास मरतो. फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहून ठेवा, दारावरच कागद चिकटवून.

स्वयंपाकघर असेल तर स्वयंपाक्याला मेन्यू ठरवायचं स्वातंत्र्य द्या. शिल्लक मालावर चालणाऱ्या स्वयंपाकघरात आठवड्याचा ठरलेला मेन्यू टिकत नाही. सकाळी काय आलंय ते पाहून दुपारचं ठरतं. काळी केळी केकमध्ये, मऊ टोमॅटो सॉसमध्ये, मलूल भाज्या सूपमध्ये. तेल, मीठ, कांदे, बटाटे, तांदूळ, मसाले हा पाया मात्र स्वतः विकत घेऊन ठेवा, कारण तो दानात नेमाने येत नाही.

किराणा वाटणार असाल तर तयार पिशव्या हातात देण्याऐवजी टेबलावर मांडा आणि लोकांना निवडू द्या. पिशवीत आलेलं न आवडणारं, न खपणारं, घरी शिजवायची सोय नसलेलं अन्न शेवटी त्या घरच्या कचऱ्यात जातं. म्हणजे नासाडी थांबली नाही, फक्त तिचा पत्ता बदलला. ज्याच्याकडे गॅस नाही त्याला कोरडी डाळ देऊन काय उपयोग? तारखांचा अर्थ सांगणारा एक मोठ्या अक्षरातला फलक टेबलाजवळ लावा. ‘आम्हाला मुदत संपलेलं देतात’ हा समज एकदा पसरला की खोडता खोडत नाही, आणि तो पसरतो तो न सांगितल्यामुळे.

तुम्ही स्वतः खाल का, ही कसोटी प्रत्येक क्रेटला लावा. उत्तर ‘नाही’ असेल तर ते टेबलावर जाऊ नये.

एवढं करूनही काही उरतंच. ब्रेडच्या बाबतीत तर हमखास. एखादी दुसरी संस्था, एखादा पशुपालक, खताचा खड्डा, हे आधीच ठरवून ठेवा. जनावरांना देताना मात्र स्थानिक नियम पाहा; मांसाचा अंश असलेलं अन्न पशुखाद्यात वापरायला अनेक देशांत मनाई आहे.

वजनाचं रजिस्टर

रोजच्या रोज चार रकाने: काय आलं, किती किलो, किती वापरलं, किती फेकलं. शेवटचा रकाना लिहायला लाज वाटते म्हणून तो गाळला जातो, आणि नेमका तोच सगळ्यात कामाचा. आलेल्या मालापैकी तिसरा हिस्सा तुम्हीच फेकत असाल तर एकतर निवड दुकानात होत नाहीये, किंवा तुम्ही झेपेल त्याहून जास्त उचलताय.

किलोचा आकडा प्रसिद्धीला छान दिसतो, पण त्याने हुरळून जाऊ नका. पन्नास किलो गोड पेस्ट्री आणि पन्नास किलो दूध-अंडी-भाजी यांचं वजन सारखं, पोषण नाही. रजिस्टरमध्ये मालाचा प्रकार लिहिला तरच पुढच्या महिन्यात मॅनेजरला ‘बेकरीचा माल अर्धा करा, फळं वाढतील का बघा’ असं सांगता येतं.

महिन्यातून एकदा हे रजिस्टर घेऊन मॅनेजरकडे बसा. दर मंगळवारी वीस किलो कोथिंबीर-पालक येतोय, म्हणजे सोमवारची ऑर्डर जास्त जातेय. हे त्याला त्याच्या कॉम्प्युटरपेक्षा तुमच्या वहीत आधी दिसतं. तो ऑर्डर कमी करेल, आणि तुमच्याकडे येणारा पालकही कमी होईल. संस्थेतल्या काहींना हे आपल्या पायावर धोंडा मारून घेतल्यासारखं वाटतं. मग दान घटलं म्हणून तक्रार करण्यापेक्षा त्याच महिन्यात दुसऱ्या दुकानाशी बोलणी सुरू करा. पहिल्या दुकानाच्या मॅनेजरकडून दोन ओळींचं पत्र मागा, की ही माणसं वेळेवर येतात, क्रेट परत करतात आणि नको तो माल तिथेच नाकारतात. दुसऱ्या दुकानात जाताना हे पत्र नोंदणीच्या कागदांच्या वर ठेवा.